पोलीस येईपर्यंत घर धुऊ नका

आपल्याकडे घरात कुणी गेले की हात आपोआप आवराआवरीला लागतात. कुणी विस्कटलेले अंथरूण सारखे करते, कुणी मृताच्या अंगावरचे कपडे नीट करते, कुणी फिनेल आणि बादली आणते. गादी-गोधडी गावाबाहेर टाकायला दोन पोरे निघतात. खेड्यात जमीन शेणाने सारवून घेतली जाते. पिकले पान गळून पडावे तसा मृत्यू असेल, तर हे सारे रीतीप्रमाणेच आहे. पण जिथे खून, मारहाण, जळीत, विषबाधा किंवा नुसती शंकाही आहे, तिथे ही आवराआवर गेलेल्या माणसाचीच साक्ष पुसून टाकते. म्हणून सर्वांना हात जोडून विनंती आहे: अशा ठिकाणी पोलीस येईपर्यंत काही उचलू नका, काही हलवू नका, काही धुऊ नका.

ही विनंती आज करण्याला कारण आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्या कामाचे चित्रीकरणही व्हायचे आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. महाराष्ट्रात फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन आल्याही आहेत. पूर्वी गाजलेल्या खुनातच दिसणारे पथक आता आडगावातल्या घरापर्यंत यायला हवे, असे कायदाच सांगतो. पण ती गाडी निघणार शहरातून. वाटेत घाट आहे, पावसाळ्यात पुलावरून पाणी आहे. तज्ज्ञ दारात पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, त्यातला पहिला तुकडा पोलिसांच्याही हातात नसतो. तो शेजाऱ्यांच्या, भाऊबंदांच्या, वॉचमनच्या, पोलीस पाटलांच्या हातात असतो. त्या वेळात फरशी पुसली गेली, तर लाखो रुपयांची व्हॅन पुसलेल्या फरशीपुढे येऊन उभी राहील.

फ्रान्समध्ये लिऑन शहरात १९१० साली पोलिसांची प्रयोगशाळा सुरू करणारे एडमंड लोकार्ड यांनी मांडलेले तत्त्व जगभरच्या तपासाचा पाया आहे: दोन गोष्टींचा स्पर्श झाला की प्रत्येक जण दुसऱ्यावर काही तरी सोडतो आणि त्याच्याकडून काही तरी घेऊन जातो. गुन्हेगाराच्या चपलेला तुमच्या अंगणातली माती लागते, तुमच्या चादरीवर त्याचा केस राहतो. मात्र हा नियम गुन्हेगाराइतकाच बघ्यांनाही लागू आहे. खोलीत वीस माणसे येऊन गेली की वीस जणांचे केस, धागे, थुंकी, पायांचे ठसे त्यात मिसळतात. मग नेमके कुणाचे काय, हे काळजीपूर्वक वेचून काढणे तज्ज्ञालाही जवळजवळ अशक्य होते.

हाताच्या ठशांचे शास्त्र तर आपल्याच भूमीत रुजले. जगातला पहिला बोटांच्या ठशांचा विभाग १८९७ साली कोलकात्यात सुरू झाला. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी त्याच्या वर्गीकरणाची पद्धत बसवून दिली. त्याच सुमारास जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग सापडले आणि त्यावर तपकिरी रंगाचे पुसट डाग होते. ते पंचांग कुणी झटकून बाजूला ठेवले नाही, की चुलीत घातले नाही. ते कोलकात्याला गेले. डाग रक्ताचे निघाले आणि त्यातला एक ठसा, पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या त्या घरच्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. न्यायालयाने खुनाच्या आरोपातून त्याला सोडले, पण चोरीसाठी शिक्षा दिली. ठशाच्या आधारावर झालेल्या जगातल्या अगदी पहिल्या शिक्षांपैकी ती एक. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी तरी एका मळक्या पंचांगाला जपले म्हणून हे घडू शकले.

आता याच्या उलट काय होते ते पाहा. मे २००८ मध्ये नोएडातल्या एका फ्लॅटमध्ये शाळकरी मुलीचा खून झाला. सकाळपासून त्या घरात नातेवाईक, शेजारी, पोलीस, वार्ताहर यांची ये-जा सुरू राहिली. त्याच दिवशी घर साफही झाले. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि तिथे रक्ताचे डाग होते, तरी ते दार त्या दिवशी उघडले गेले नाही. घरातल्या नोकरावर संशय घेऊन त्याचा शोध सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर त्याचाही मृतदेह सापडला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने मुलीच्या आई-वडिलांना दोषी ठरवले, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. दोन जिवांचे मारेकरी कोण, हे आजही कायद्याने ठरलेले नाही. पहिल्या काही तासांत विस्कटलेले घर नंतर कुठल्याही तपास यंत्रणेला पुन्हा मांडता आले नाही. त्या गर्दीतली बहुतेक माणसे सांत्वनालाच आली असणार, हे मनाला फार लागते.

तेव्हा अशी वेळ आलीच, तर सर्वांत आधी जीव. माणूस जिवंत असण्याची किंचितही शक्यता असेल, तर पुराव्याचा विचार करत थांबू नका. ११२ फिरवा आणि त्याला दवाखान्यात न्या. दार तोडावे लागले तर तोडा, दोर कापावा लागला तर कापा; फक्त गाठ सोडू नका, गाठीपासून दूर कापा आणि तो दोर तिथेच राहू द्या. विष घेतल्याची शंका असेल, तर बाटली किंवा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या. त्यावरचे लेबल उपचारालाही लागते आणि पुढे व्हिसेराच्या तपासणीलाही. पेला, ताट, उलटी, बादली हे मात्र जसेच्या तसे राहू द्या. जीव गेलाच आहे हे डॉक्टरांनी किंवा पोलिसांनी सांगितल्यावर मग त्या जागेचा मान राखा. बाहेर या, दार लोटून घ्या आणि एक जबाबदार माणूस दारात उभा करा. आत कोण गेले, कशाला हात लागला, पंखा कुणी बंद केला, दिवा कुणी लावला हे सगळे आठवून पोलिसांना खरे सांगा. हात लागला असेल तर घाबरू नका, लपवू नका. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. चुकून झालेला स्पर्श सांगून टाकणाऱ्याला या कलमाचे भय बाळगायचे कारण नाही.

घरफोडीच्या बाबतीत आपण सर्वांत जास्त घाई करतो. गावाहून परत यावे, तर कडी उचकटलेली, कपाट उघडे, साड्या पलंगावर. पहिली धाव जाते ती दागिन्यांच्या डब्याकडे. डबा उघडून पाहतो, लॉकर चाचपतो, कपडे घडी करून ठेवतो, शेजारीण मदतीला येते. ठसेतज्ज्ञ पावडर आणि ब्रश घेऊन येतात, तोवर कपाटाच्या आरशावर, स्टीलच्या डब्यावर, खिडकीच्या काचेवर घरच्यांचेच हात उमटलेले असतात. काय गेले ते दोन तासांनी कळले तरी चालेल. जे गेले ते तेवढ्यात परत येणार नाही. चोराने गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवलेला हात मात्र तुम्ही पुसला नाहीत, तर परत मिळेल. अंगणात ओल्या मातीत पाऊल उमटले असेल आणि आभाळ भरून आले असेल, तर त्यावर एखादे घमेले पालथे घाला. त्या पावलाचा साचा घेता येतो आणि तळव्याच्या झिजेवरून एकच एक चप्पल ओळखता येते. वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो, श्वानपथक रस्त्यापर्यंत गेले आणि घुटमळले. त्या कुत्र्याच्या वाटेवरून त्याआधी अख्खी आळी चालून गेलेली असते, हेही त्याचे एक कारण असते.

सून जळाली, सून विहिरीत सापडली, सुनेने विष घेतले, अशा बातम्या अजून थांबलेल्या नाहीत. लग्नानंतर सात वर्षांच्या आत असा मृत्यू झाला तर कायदा त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. माहेरच्यांना कळवण्याआधी सरण रचले जात असेल, स्वयंपाकघर धुतले जात असेल, तर शेजाऱ्यांनो, कृपा करून गप्प बसू नका. ११२ वर एक फोन करा. शवविच्छेदन झाले तर कुणाची बदनामी होत नाही. निर्दोष कुटुंब त्यातून मोकळे होते आणि दोषी असेल तर त्या मुलीची बाजू मांडणारा निदान एक कागद तरी राहतो.

लैंगिक अत्याचार झालेली मुलगी, बाई किंवा बालक तुमच्याकडे आले, तर आधी तिला धीर द्या आणि तिचे ऐका. अंघोळ करून टाकावी, ते कपडे जाळून टाकावेत, असे तिला वाटणे अगदी साहजिक आहे. शक्य झाले तर तपासणीपर्यंत अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. बदलले असतील तर कोऱ्या कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण त्यात ओल कोंडते आणि डाग कुजतात. पण अंघोळ झाली असेल, दोन दिवस उलटले असतील, तरीही दवाखान्यात जायचेच. शरीराच्या जखमा, कपडे, अंथरूण, फोनमधले संदेश यांतून अजून खूप काही मिळू शकते. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने अशा पीडितेवर मोफत आणि ताबडतोब उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. तिचे नाव कुठेही फुटू देऊ नका.

दुकानदार, सोसायट्या आणि पेट्रोल पंपवाल्यांकडे एक खास मागणे आहे. तुमच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर भरला की जुने चित्रीकरण आपोआप पुसून त्यावर नवे बसते. कुठे महिन्याभरात, कुठे आठवड्यातच. जवळपास काही घडल्याचे कळताच पोलिसांची वाट न पाहता त्यांना स्वतःहून सांगा. पडद्यावरचे चित्र मोबाईलने टिपून पाठवणे पुरेसे नाही, मूळ यंत्र सांभाळा. आणखी एक बारीक काम करा: त्या दिवशीच डीव्हीआरवरचे घड्याळ आणि खरे घड्याळ यांत किती मिनिटांचा फरक आहे ते कागदावर लिहून सही करून ठेवा. अकरा मिनिटे पुढे चालणाऱ्या घड्याळामुळे निरपराध माणूस घटनास्थळी असल्याचे दिसू शकते आणि खरा आरोपी सुटू शकतो.

मोबाईलवाल्या तरुणांनो, तुम्हाला कळकळीने सांगणे आहे. मृतदेहाचा फोटो काढू नका, गटावर टाकू नका. त्या घरच्यांच्या काळजाचा विचार तर कराच, पण खटल्याचाही करा. संशयिताचा चेहरा गावभर फिरला, तर पुढे तुरुंगात होणाऱ्या ओळखपरेडीला अर्थ उरत नाही. साक्षीदाराने त्याला प्रत्यक्ष पाहिले होते की व्हॉट्सॲपवर, हा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच, आणि त्याने तो विचारायलाच हवा. घटना घडतानाचे चित्रण तुमच्याकडे असेल, तर मूळ फाईल कापू नका, तिला गाणे जोडू नका, पुढे पाठवू नका. फोनसकट ठाण्यात दाखवा.

आणि पंच म्हणून बोलावले तर पाठ फिरवू नका. कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून चांगली माणसे सटकतात, मग पोलिसांना चहाच्या टपरीवरचा ठरलेला माणूस पंच म्हणून घ्यावा लागतो आणि उलटतपासणीत त्याचा पंचनामा टिकत नाही. घटनास्थळी उभे राहा. वस्तू तुमच्यासमोर उचलली का, पाकिटात घातली का, त्यावर लाखेचे सील लागले का, हे डोळ्यांनी पाहा. पंचनामा वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, कुणीही सांगितले तरी. घटनास्थळापासून कालिना, नागपूर किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत ते पाकीट कुणाच्या हातातून कुठे गेले याची साखळी तुटली, तर अहवाल कितीही पक्का असला तरी त्यावर प्रश्न उभा राहतो. त्या साखळीची पहिली कडी तुमची सही आहे.

पोलिसांनाही नम्र सांगणे आहे. तुम्ही स्वतः हातमोजे घाला, बुटांसकट आत जाऊ नका, पुढाऱ्यांना आणि कॅमेऱ्यांना दोरीच्या बाहेर ठेवा. लोक तुमचेच पाहून शिकतात.

येत्या ग्रामसभेत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आणि गणेश मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या. सरपंच, पोलीस पाटील आणि सेक्रेटरी यांनी आपल्या पोलीस ठाण्याला पत्र देऊन जिल्ह्याच्या ठसेतज्ज्ञांना तासभर बोलवावे. दोरी कुठे बांधायची, पाऊल कसे झाकायचे, पहिला फोन कुणी करायचा हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे. जिन्याखालच्या मीटर बॉक्सपाशी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर आजच ११२ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. त्याखाली ठाणे अंमलदारांचा दूरध्वनी क्रमांक आणि एकच सूचना असू द्या: जीव वाचवा, बाहेर या, दारात थांबा, कशालाही हात लावू नका.