आवाज येतोय, बोललेलं कळंना

सोयाबीनची पट्टी हातात पडली आणि दिवाळी आली की लातूर-नांदेडकडच्या घरांत नवा टीव्ही येतो, हल्ली त्याच्या पाठोपाठ साउंडबारही. सहा-आठ हजारांचा असो की तीस हजारांचा, महिनाभरात त्याची पहिली तक्रार निघतेच. ती माझ्याकडे येते, कारण लहानपणी हा पोरगा रेडिओ खोलून बसायचा, एवढी ख्याती घराण्यात अजून टिकून आहे. तक्रारीचे शब्द ठरलेले : ‘बार गेला.’ आवाज येत नसला तरी बार गेला, घुंऽऽ असा आवाज येत असला तरी बार गेला, आणि मालिकेतली सून काय बोलली ते सासूला कळलं नाही तरी बारच गेला. माझं मत वेगळं आहे. बार फार कमी वेळा जातो. बिनसतं ते त्याच्या मागचं आणि भोवतालचं काहीतरी : वायर, टीव्हीतली एखादी सेटिंग, घरातली वीज, आणि कित्येकदा खुद्द घरच.

मुळात हा लांबट डबा घरात शिरला तो टीव्ही सपाट झाला म्हणून. जुन्या खोक्याएवढ्या टीव्हीत पुढं तोंड करून बसवलेला स्पीकर असायचा. आताच्या दोन बोटं जाडीच्या टीव्हीत त्याला जागाच उरली नाही. तो खाली किंवा मागं तोंड करून बसतो आणि आवाज आधी भिंतीला सांगून मग आपल्याला सांगतो.

नांदेडचे आमचे दाजी वजिराबादेतून बार घेऊन घरी गेले आणि तासाभरात फोन. ‘पाहुणे, चित्र दिसायलंय, आवाज नाही.’

‘वायर कुठं लावली दाजी?’

‘मागं. जिथं बसली तिथं.’

घोडं इथंच पेंड खातं. टीव्हीच्या मागची एचडीएमआयची भोकं सगळी सारखीच दिसतात, पण त्यांतल्या एकापाशीच बारीक अक्षरांत ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं. बाकीच्या भोकांतून चित्र-आवाज टीव्हीत नुसता आत येतो, या एकातून आवाज उलटा बाहेरही पडतो. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आहे. बारकडचं टोकही तसंच, एआरसी लिहिलेल्या भोकात हवं. एवढं करूनही टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची गोष्ट चालू करावी लागते, आणि प्रत्येक कंपनीनं तिचं वेगळं बारसं केलंय : सॅमसंगमध्ये ती ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिमप्लिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’. ती चालू झाली की टीव्हीच्याच रिमोटवर बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा निम्मा वैताग संपतो.

एआरसी नसलेल्या जुन्या टीव्हीला ऑप्टिकल वायर लावतात. तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली ही वायर विजेऐवजी उजेडातून आवाज नेते. नव्या वायरच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पारदर्शक टोप्या असतात आणि त्या न काढताच वायर दामटणारे लोक मी पाहिलेत. एक टोक टीव्हीत लावा, दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला तर टीव्ही आपलं काम करतोय. एआरसी असो की ऑप्टिकल, तरीही बार मुकाच असेल तर टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ काढून ‘पीसीएम’ निवडा. मग डॉल्बीचं कोडं टीव्ही स्वतःच सोडवतो आणि बारकडे साधा डावा-उजवा आवाज पाठवतो. तो स्वस्तातल्या बारलाही कळतो. दाजींचा आवाज पीसीएमवरच आला.

काही दिवसांनी तो परत गेला. ‘लाईट गेली होती का?’ मी विचारलं. ‘ती कधी नसती जात?’ दाजी म्हणाले. मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा मुलूख नसतो. लाईट परत येते तेव्हा टीव्ही आणि बार एकाच वेळी जागे होत नाहीत, एक आधी हाक मारतो तेव्हा दुसरा झोपेत असतो, आणि मग एचडीएमआयवरची त्यांची बोलणी फिसकटतात. रिमोटची बटणं दाबून काही होत नाही, कारण रिमोटनं बंद केलेलं यंत्र पूर्ण बंद नसतंच. दोघांच्याही पिना बोर्डातून उपसा, एचडीएमआयची वायर काढा, चहा घेऊन या, वायर लावा, मग आधी टीव्ही आणि नंतर बार चालू करा. मला येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा लागू पडलेला उपाय हाच.

खरोखर बार जातो तो मात्र दुसऱ्या वेळी. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरातल्या २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या घरात दाब चढू शकतो. पंखा एकदम गरगरला, बल्ब पांढराफटक झाला, की मेन स्विच पाडायचा, बाकी काही बघत बसायचं नाही. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका गिळतो, असा चढून बसलेला दाब त्याला झेपत नाही. अवकाळीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच पिना तर काढाच, शिवाय डिशची वायर सेटटॉप बॉक्समधून सोडवा. वीज गच्चीवरच्या छत्रीवाटेही घरात येते.

आता घुंऽऽ. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच हा आवाज येत असेल तर बारला नावं ठेवू नका. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतात, पंख्यालाही ती मानवत नाही, तोही कण्हतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला की हे थांबतं. लाईट असतानाही घुंऽऽ येत असेल तर एकेक वायर काढत जा. डिशची वायर काढल्यावर थांबलं, तर चोर सापडला. छत्रीकडून येणारी जमीन वेगळी आणि बोर्डातली वेगळी, त्या दोहोंतल्या फरकाची वीज आवाजाच्या तारेतून वाहते आणि स्पीकरमध्ये गुणगुणते. बारीक पिनेची ऑक्स वायर असेल तर ती काढून ऑप्टिकल लावा, काम तिथंच संपतं. उजेडाच्या वायरीतून वीज वाहत नाही.

पण मूळ दुखणं अर्थिंगचं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे भयंकर बेफिकिरी आहे. थ्री पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागं वायरच नाही, अशी घरं लातुरात आणि नांदेडात दोन्हीकडे मी बघितलीत, त्यांत बंगलेही आले. जिथं आहे तिथं अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून पट्टी पुरलेली असते, आणि घर बांधल्यापासून तिकडे कुणी फिरकलेलं नसतं. जमीन वीज शोषते ती ओलाव्याच्या जोरावर. आपली काळी माती एप्रिल-मे मध्ये भेगाळते, पुरलेल्या पट्टीपासून सुटते, आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून तर हिवाळ्यात नसलेली गुणगुण उन्हाळ्यात सुरू होते आणि टीव्हीच्या लोखंडी पट्टीला हात लागला की झिणझिण्या येतात. उपाय सोपा आहे, खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मातीत पाणी ओता म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, हे कबूल. भांडी विसळलेलं पाणी चालतं. कुणी वायरमन ‘अर्थची पिन तोडा, आवाज थांबतो’ असं म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आवाज थांबतो हे खरं, पण पुढं कधी यंत्रात वीज उतरली तर ती तुमच्या अंगातून वाट काढते.

सगळ्यात अवघड तक्रार ‘आवाज येतोय, पण बोललेलं कळंना’ ही. इथं वायर ठीक, वीज ठीक, बारही ठीक. बिघाड असतो हॉलमध्ये. आपल्याकडची जुनी घरं दगड-मातीची, वर लाकूड आणि मातीचं माळवद, खोलीत धान्याची पोती, उतरंडी, वाकळांची चळत. अशा खोलीत आवाज घुमत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच जड माळवदांखाली हजारो माणसं गेली, आणि सगळ्या भागानं माळवदाची धास्ती घेतली. ते योग्यच झालं. स्लॅब आला, सिमेंटच्या सपाट भिंती आल्या, मग चकचकीत फरशी, काचेचं शोकेस. कान मात्र या नव्या खोलीत फसतात. अशा हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, तिची शेपटी ऐकू येते. शब्दांचंही तसंच होतं. मागच्या शब्दाचा घुमारा विरायच्या आत पुढचा शब्द येतो आणि त, क, स, श ही नाजूक व्यंजनं त्यात बुडतात. आपण काय करतो, तर आवाज वाढवतो. त्याबरोबर घुमाराही वाढतो. आजोबांना तर हेच वरच्या पट्टीतले आवाज वयामुळं आधीच कमी ऐकू येतात. घरात त्यांना बहिरं ठरवून मोकळं होण्याआधी दोन हजारांची सतरंजी आणि जाड पडदे आणावेत. सोफ्याच्या मागच्या उघड्या भिंतीवर एखादी सुबक वाकळ टांगली तरी फरक पडतो, आणि ती दिसतेही छान.

बार शोकेसच्या कप्प्यात खुपसू नका, त्याचं तोंड फळीच्या कडेला आणा. तो टीव्हीच्या रिमोटचा डोळा झाकत नाही ना, तेही बघा. रिमोट चालत नाही ही तक्रार बऱ्याचदा तिथंच मिटते. रिमोटवर ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असेल तर ते लावा, रात्री ‘नाइट मोड’, आणि वूफर निम्म्यावर आणा. दुकानात ढोलाचं गाणं लावून छाती हादरवून दाखवतात, त्यावर भुलून माणूस घरीही वूफर तसाच ठेवतो, मग बातम्या देणारी बाई रांजणात बसून बोलल्यासारखी वाटते. बार तपासायचा तर आकाशवाणीच्या बातम्या लावा. माणसाचा साधा आवाज माणसासारखा आला की सेटिंग जमली. आणि ‘ॲटमॉस’चा महागडा बार घेणाऱ्यांनी आधी वर बघावं. वर तोंड केलेले स्पीकर सपाट छतावरून आवाज परतवतात. उतरत्या पत्र्याच्या घरात तो पैसा पत्र्यावरच जातो.

वूफरचं एक सांगून टाकतो. तो बिनवायरचा असेल तर त्याला लाईटची वेगळी पिन लागते. दिवा लुकलुकत राहिला म्हणजे त्याला बार सापडत नाहीये. बारजवळ आणा, मागचं ‘पेअर’चं बटण दाबून धरा. कोपऱ्यात ठेवला की फुकटात दणका वाढतो, पण शेजाऱ्यांकडेही तो तितकाच पोचतो. आवाजाच्या २००० च्या नियमांत रहिवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि गणपतीतल्या डीजेवर तावातावानं बोलणारे आपण तिची आठवण घरात ठेवत नाही.

ब्लूटूथवरून टीव्हीचा आवाज ऐकू नये, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. वायर लावूनही आवाज पुढं धावत असेल तर ‘ऑडिओ डिले’ वाढवा, मागं पडत असेल तर तो शून्यावर आणा. लातुरात ब्लूटूथचा आणखी एक घोळ आहे. आमच्या गल्लीत घर तिथं खोली आणि खोली तिथं नीटचा विद्यार्थी. एका संध्याकाळी वहिनींच्या मालिकेत ऐन साखरपुड्यात बारमधून पेशीविभाजनावरचं लेक्चर सुरू झालं. बार ब्लूटूथवर उघडा राहिला होता आणि शेजारच्या पोराचा फोन त्याला जाऊन चिकटला होता. वहिनी म्हणाल्या, ‘चालू द्या, ते तरी नीट कळायलंय.’ वापर झाला की बार परत टीव्हीच्या इनपुटवर आणून ठेवावा.

जाहिरात लागली की आवाज अंगावर येतो, त्यात बारचा काही दोष नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं कलम आहे. कलम आपल्या जागी आहे, जाहिराती आपल्या. टीव्हीत ‘ऑटो व्हॉल्यूम’ असेल तर तो लावणं एवढंच आपल्या हातात.

एवढ्यानंही बार बोलला नाही तर मग तो गेलाय असं मानायला मी तयार आहे. वॉरंटीत असेल तर खोलू नका, गल्लीतल्या मेकॅनिकलाही खोलू देऊ नका. ऑनलाइन घेतलेल्या बारचं सेंटर पुष्कळदा जवळपास नसतं, आणि ‘छत्रपती संभाजीनगरला आणून द्या’ असं गोड आवाजात सांगतात. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला त्यासाठी फी नाही. सेंटरला जायचंच ठरलं तर बार, वूफर, रिमोट, ॲडॉप्टर आणि बिल सगळं एकदम घेऊन जा. दाजी नुसता बार घेऊन गेले होते. ‘वूफर आणा, त्याच्याशिवाय तपासता येत नाही,’ असं सांगून तिथल्या पोरानं त्यांना माघारी पाठवलं.