टायरकडे बघतो कोण!

भारताला फॉर्म्युला वनमधले पहिले गुण कशामुळे मिळाले, सांगा पाहू? इंजिनमुळे? छे! टायरमुळे. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसला शर्यत होती. तिथल्या एका तिरक्या, वेगवान वळणावर आपले टायर टिकतील याची खात्री मिशेलिन कंपनीलाच देता येईना. सुरुवातीची संथ फेरी झाली आणि वीसपैकी चौदा गाड्या सरळ पिटमध्ये निघून गेल्या. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा. त्यातल्या एका जॉर्डनमध्ये आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि पाच गुण मिळाले. त्याने गाडी नीट शेवटपर्यंत नेली हे खरंच, पण चौदा महागडी इंजिनं नुसती बसून राहिली ती रबरापायी!

हे आठवायचं कारण म्हणजे आपल्या कॉलेजची गो-कार्ट टीम. मी दोन वर्षं या टीममध्ये आहे आणि टायरचं खातं माझ्याकडे आहे. खातं कसलं, बाकी कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं. चासीवाले रात्ररात्र कॉम्प्युटरवर लाल-निळी चित्रं काढतात, इंजिनवाले काळे हात घेऊन कॅन्टीनमध्ये रुबाबात फिरतात. टायरला मात्र डिझाइन रिपोर्टमध्ये एकच ओळ : 'टायर : विकत घेतले.' संपलं! हवा भरायचं काम एफ.ई.च्या पोरांकडे.

माझं स्पष्ट मत आहे की ही एक ओळ आपल्याला दरवर्षी महागात पडते. आपण बनवतो ते इंजिनिअरिंग आणि विकत आणतो ती नुसती खरेदी, असा आपला समज आहे. तो सोडायला हवा.

आधी आमचं हे कार्टं (लाडाने तसंच म्हणतो आम्ही) वळतं कसं ते बघा. याला सस्पेन्शन नाही आणि डिफरन्शियलही नाही. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलला जखडलेली. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, बाहेरच्याला जास्त. मग जमतं कसं? स्टिअरिंग फिरवलं की कास्टरमुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चासी जराशी पिळली जाते आणि आतलं मागचं चाक हलकं होऊन किंचित उचललं जातं. म्हणजे सस्पेन्शनचं काम चासी आणि टायर मिळून करतात. त्यातल्या चासीवर आपण सहा महिने घालवतो आणि टायरवर एक फोन कॉल!

आता निवडीबद्दल. एरवी टायरचा गोटा झाला की आपण तो बदलतो. इथे नवाकोरा गोटाच विकत घ्यायचा असतो, कारण कोरड्या ट्रॅकवर नक्षी नसलेल्या टायरचं जास्त रबर जमिनीला टेकतं. नेहमीचं माप म्हणजे पुढे १० × ४.५०-५ आणि मागे ११ × ७.१०-५. पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा रुंदी, तिसरा रिमचा व्यास, सगळं इंचात. ११ इंची टायरचा घेर साधारण ८८ सेंटिमीटर. हा घेर ठरला की गिअर रेशो ठरतो, चासीची जमिनीपासूनची उंची ठरते. रिमवरून हब ठरतो. म्हणून टायर आधी ठरवा, चासी मग काढा. आपल्याकडे नेमकं उलटं! चासी वेल्ड होते, टायर येतात आणि मग 'अरे, स्प्रॉकेट बदलायला लागणार' म्हणून धावाधाव.

दुसरा गैरसमज, 'मऊ टायर म्हणजे भारी टायर.' मऊ रबर लवकर तापतं आणि लवकर धरतं, हे मान्य. पण ते झिजतंही लवकर, आणि जड गाडीखाली दहा-पंधरा मिनिटांत जास्तच तापून घसरायला लागतं. शिवाय आपल्या गाडीचं इंजिन दहा-बारा हॉर्सपॉवरचं. पकड फार झाली की आतलं मागचं चाक उचलतच नाही, दोन्ही चाकं एकमेकांशी भांडतात आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनचा दम निघतो. मागच्या वर्षी एन्ड्युरन्सला आमच्या शेजारच्या पिटमधल्या टीमने अगदी मऊ टायर आणले होते. सुरुवातीच्या फेऱ्या अशा, की आम्ही सगळे बघत राहिलो. नंतर गाडी प्रत्येक वळणावर बाहेर जायला लागली आणि ड्रायव्हर नुसता स्टिअरिंगशी झगडत होता. ड्रायव्हर जमिनीपासून चार बोटं वर बसलेला असतो हो, हा काही फक्त मार्कांचा प्रश्न नाही.

आणि नवे टायर आणले म्हणजे काम झालं असंही नाही. खरी मजा तिथून पुढे. कार्टच्या टायरमधली हवा मोटारीपेक्षा कितीतरी कमी, बहुतेक वेळा १० ते २० पीएसआयच्या दरम्यान. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा मीटर एका पीएसआयने चुकला तर मोटारीच्या ३० मध्ये ती तीन टक्के चूक, पण कार्टच्या १२ मध्ये आठ टक्के! म्हणून कमी रेंजचं चांगलं गेज ही चैन नाही, गरज आहे.

थर्मोडायनॅमिक्स केटीपुरतं नसतं, हेही इथे कळतं. सकाळी २७ अंशाला १२ पीएसआय भरली. टायर तापून आतली हवा ६० अंशाला गेली. वातावरणाचे १४.७ मिळवा, केल्व्हिनमध्ये गुणोत्तर काढा, पुन्हा १४.७ वजा करा. उत्तर येतं जवळपास १५. म्हणजे आपण भरली १२ आणि गाडी पळाली १५ वर! म्हणून गरम टायरला किती हवी ते आधी ठरवायचं आणि गार असताना त्या हिशेबाने कमी भरायची.

किती हवी, हे टायर स्वतःच सांगतो. गाडी पिटमध्ये आली की लगेच तीन ठिकाणी तापमान घ्या : आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य जास्त गरम तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम तर हवा कमी. एकच कड तापत असेल तर कॅम्बर किंवा टो तपासा. मागच्या दोन टायरचे घेरही टेपने मोजा. एका सेंटिमीटरचा फरक असेल तर एका किलोमीटरमागे अकरा मीटरहून जास्त रबर नुसतं घासलं जातं, कारण ॲक्सल एकच. टेप कितीला मिळते हो?

यावर सीनियर्सचं ठरलेलं उत्तर, 'आधी गाडी चालू तर होऊ दे!' मुद्दा अगदीच चुकीचा नाही. सबमिशन, ओरल्स, वर्कशॉपच्या वेळा, स्पॉन्सरचे न आलेले पैसे, सगळं मला माहीत आहे. पण गाडी स्पर्धेच्या दोन दिवस आधी पहिल्यांदा चालू होत असेल, तर आपण बनवलेली चासी चांगली की वाईट हेही आपल्याला कधी कळणार नाही. चाचणीशिवाय सगळं डिझाइन म्हणजे नुसता अंदाज.

यंदा स्पॉन्सरचे थोडे पैसे आले आहेत. टीममध्ये दोन गट आहेत. एका गटाला हलक्या रिम्स आणि मऊ टायरचा जास्तीचा सेट हवा. माझं मत विरुद्ध आहे. मध्यम कडकपणाचा एकच सेट घ्या, एक चांगलं गेज घ्या आणि उरलेल्या पैशांत ट्रॅकवर दोन पूर्ण दिवस काढा. कोल्हापूरसारख्या ठिकाणी आपल्या महाराष्ट्रातच ट्रॅक आहे. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर पाच फेऱ्या, आणि वेळ, हवा, तापमान, हवामान सगळं वहीत. जुने टायर खिडकीत उन्हात वाळवत न ठेवता गुंडाळून अंधारात ठेवा, नाहीतर रबर कडक होतं आणि पुढच्या वर्षीची मोजमापं खोटी ठरतात.

ती वही पुढच्या बॅचला द्या. रिम्स वाकतील, टायर झिजतील, आपण बी.ई. होऊन निघून जाऊ. वही मात्र राहील आणि पुढची पोरं शून्यापासून सुरुवात करणार नाहीत. मिटिंग पुढच्या शनिवारी आहे. हात वर करण्याआधी एवढंच करा, खाली वाकून एकदा टायरकडे बघा!