दाताला खाट नसते

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा आग्रह झाला तेव्हा दातांची निगा या विषयावर चार हितोपदेश लिहून मोकळे व्हावे, असे प्रथम मनात आले होते. परंतु हरमलसारख्या गावात दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना जो प्रश्न मला वारंवार भेडसावतो, तो निगेचा नसून बिलाचा आहे. डॉक्टरांनी पैशाविषयी जाहीरपणे लिहू नये, असा आपल्यात एक संकेत आहे. तो आज मोडतो, त्याबद्दल ज्येष्ठांनी क्षमा करावी.

हिवाळ्यात माझ्या दवाखान्यातील बाकावर दोन प्रकारचे रुग्ण शेजारी शेजारी बसलेले असतात. एक, किनाऱ्यावर महिना-दोन महिने मुक्कामाला आलेला परदेशी पाहुणा. दुसरा, आपला रापणकार. पाहुण्याची दाढ ठणकू लागली, तर खुर्चीत बसण्यापूर्वीच तो बिलाची चौकशी करतो. त्याच्या प्रवासविम्यात अकस्मात उद्भवलेल्या दंतवेदनेसाठी बहुधा काही रक्कम राखलेली असते. ती मिळवण्यासाठी त्याला तारीख, दाताचा क्रमांक, निदान, उपचार, एक्स-रे आणि सही-शिक्का असे सारे लागते. मी ते निमूटपणे देतो. रापणकाराला मात्र वर्षानुवर्षे चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून देत आलो. ‘दोतोर, बिल कित्याक?’ असे म्हणून तो ती चिठ्ठीही टेबलावरच ठेवून जाई.

काही वर्षांपूर्वी अशाच एका काकांची खालची उजवी पहिली दाढ मुळापर्यंत किडली होती. रूट कॅनाल आणि कॅप यांचा खर्च ऐकून ते म्हणाले, “मासळीचा हंगाम होऊ दे, मग बघू.” मी गोळ्या लिहून दिल्या. हंगाम आला आणि गेला. एके रात्री मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा जबड्याखालची सूज गळ्यापर्यंत उतरली होती, जीभ वर उचलली गेली होती आणि लाळही गिळवत नव्हती. श्वासमार्ग केव्हाही बंद पडावा, अशी ती अवस्था. त्यांना तातडीने रुग्णालयात हलविले. गळूचा निचरा झाला, दाढ निघाली, काही दिवस अतिदक्षता विभागात गेले. माणूस वाचला.

मुलाच्या नोकरीमुळे घरात आरोग्यविमा होता. विमा कंपनीचे पहिले पत्र आले: आजार दातांचा, सबब खर्च देय नाही. त्यावर तक्रार केल्यानंतर दुसरे आले: पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे सादर करावीत. ती कागदपत्रे म्हणजे माझीच. माझ्या वहीत त्या तारखेसमोर काकांचे नाव, ‘दाढ’ हा शब्द आणि दीडशे रुपये, एवढेच होते. पुढे बऱ्याच पत्रव्यवहारानंतर रकमेचा काही भाग मिळाला. उरलेल्यासाठी होडीचे इंजिन विकले गेले.

या प्रकरणात विमा कंपनीला दोष देणे सोपे आहे, आणि तो मी देतोही. आपल्याकडील आरोग्यविम्याची मांडणी मुळात रुग्णालयातील खाटेभोवती झालेली आहे. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत रोगामुळे वा इजेमुळे आवश्यक ठरलेले दंतोपचार समाविष्ट आहेत खरे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. डे-केअरची सवलत पुढे करावी, तर जे उपचार सामान्यतः बाह्यरुग्ण म्हणून घेतले जातात, ते तिच्या व्याख्येतूनच वगळलेले. रूट कॅनालला खाट लागत नाही, म्हणून तो विम्याबाहेर; तो न केल्यामुळे माणूस मरणाच्या दारी पोहोचला, की मग त्याचा विचार! जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जानेवारी २०२४ मध्ये पॅनेलबाहेरच्या रुग्णालयांतही कॅशलेस सुविधा जाहीर केली. परंतु त्यासाठी रुग्णालय किमान १५ खाटांचे हवे. माझ्याकडे एक खुर्ची आहे.

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण, ही छोट्या राज्यासाठी लहानसहान गोष्ट नव्हे. बांबोळीचे दंत महाविद्यालयही १९८० पासून उभे आहे. पण रूट कॅनालसाठी बहुधा एकापेक्षा अधिक खेपा माराव्या लागतात, आणि पेडणे तालुक्याच्या टोकावरून प्रत्येक खेपेला रोजंदारीचा एक दिवस बुडतो. म्हणून दात वाचविणारे ठरावीक उपचार खाटेच्या अटीविना आणि गावातल्या नोंदणीकृत दवाखान्यात मान्य व्हावेत, अशी मागणी आपल्या संघाने शासनाकडे व विमा कंपन्यांकडे लेखी करावी, असे माझे मत आहे.

तथापि अशी मागणी करणाऱ्याचे स्वतःचे कागद आधी नीट हवेत. पाहुण्याला जे बिल मी देऊ शकतो, ते काकांना का दिले नाही, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. वेळ नव्हता म्हणावे, तर पाहुण्यासाठी तो होता. गेली काही वर्षे मी प्रत्येक रुग्णाला दाताचा क्रमांक, निदान, उपचार, शुल्क आणि माझा नोंदणी क्रमांक असलेले छापील बिल देतो. रुग्णाने उपचार पुढे ढकलला, तर तेही त्याच कागदावर लिहितो. नमुना अर्ध्या पानाचा आहे. ज्या व्यवसायबंधूंना हवा असेल, त्यांनी दवाखान्यातून घेऊन जावा. दुपारी एक ते चार मात्र दवाखाना बंद असतो.