सुसंगतीचे पहारेकरी

वाचककेंद्री समीक्षेने वाचकाला सिंहासनावर बसवले. तेथे बसून तो काय करतो हे पाहण्याचे कष्ट मात्र तिने फारसे घेतले नाहीत. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना पुढे आणली ती साहित्याच्या इतिहासाला मूल्यविचाराची जोड देण्यासाठी. कृती आणि तिच्या काळातील वाचकाचे अपेक्षाक्षितिज यांच्यातील अंतर हे त्यांच्या दृष्टीने कलामूल्याचे एक गमक होते. पुढे स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये अर्थाचा ताबा अर्थनिर्णयन करणाऱ्या समुदायांकडे दिला आणि १९९२ मध्ये हेन्री जेन्किन्स यांनी मिशेल द सेर्तो यांचे ‘चोरटी शिकार करणारा वाचक’ हे रूपक उचलून दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांना लावले. चाहता म्हणजे दुसऱ्याच्या रानात शिरून आपल्याला हवे ते घेऊन जाणारा बंडखोर वाचक, असे समीकरण तेव्हापासून रूढ झाले. स्वतः जेन्किन्स यांनी प्रत्येक चाहता प्रतिकारच करतो असा दावा केलेला नाही. त्यांच्या अनुयायांनी मात्र ही सावधगिरी सोयीस्करपणे विसरून टाकली. हे समीकरण किती पोकळ आहे याचा पडताळा १ मार्च २०२० रोजी बीबीसीवरून प्रक्षेपित झालेल्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या भागाने आणून दिला.

‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये एका चित्रपटापुरती परतली आणि २००५ पासून पुन्हा उभी राहिली. स्वतःच्या लोकांपासून पळून काळ-अवकाशात भटकणारा एक प्रवासी, एवढेच तिचे मूळ कथाबीज. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल या नटाच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आला आणि नट बदलण्याच्या व्यावहारिक गरजेतून नायकाच्या कायापालटाची कल्पना जन्मली. तिला ‘रिजनरेशन’ हे नाव मिळायला १९७४ उजाडले. नायकाच्या जमातीला ‘टाइम लॉर्ड’ म्हणतात हेही प्रेक्षकाला १९६९ पर्यंत ठाऊक नव्हते. ज्याला आज चाहते ‘मूळ’ म्हणतात ते असे तुकड्यातुकड्याने, अडचणीतून वाट काढत, अनेक हातांनी रचले गेले आहे.

ख्रिस चिबनल यांनी लिहिलेल्या २०२० च्या भागात या मुळाखाली आणखी एक मूळ दाखवले गेले. टेक्टिऊन नावाच्या संशोधक स्त्रीला एका परक्या ग्रहावर, दुसऱ्या विश्वाकडे उघडणाऱ्या दाराखाली एक बेवारस मूल सापडते. ती त्याला वाढवते. मूल कड्यावरून पडते, मरत नाही, त्याची काया पालटते. आणि मग टेक्टिऊन त्या मुलाच्या देहावर प्रयोग करत राहते, जोवर कायापालटाचे रहस्य तिच्या हाती लागत नाही. ते रहस्य ती स्वतःच्या जमातीतील निवडकांना देते. टाइम लॉर्ड नावाचे साम्राज्य उभे राहते ते त्या मुलाच्या देहावर. मुलाची स्मृती पुसली जाते. ते मूल म्हणजेच डॉक्टर.

यावर जो गदारोळ उठला त्यात प्रधान स्वर एकच होता: हे चालणार नाही, कारण हे आधीच्याशी जुळत नाही. हार्टनेल हा पहिला डॉक्टर, हे ठरलेले. कायापालट बारा वेळाच होतो, हे ठरलेले. तक्रारींची दखल घेऊन बीबीसीला खुलासा करावा लागला, आणि त्यात लेखकाच्या सर्जनस्वातंत्र्याची बाजू घेण्यात आली. चोरटी शिकार करणारा तो बंडखोर या साऱ्यात कोठे दिसतो? रानाच्या कुंपणावर कंदील घेऊन उभा राहिलेला पहारेकरी तेवढा दिसतो, आणि तो रानाच्या मालकालाच आत येण्यास मज्जाव करत आहे.

ज्या नियमाचा आधार घेऊन २०२० च्या भागावर खटला भरला गेला, त्या नियमाचा पूर्वेतिहास तर फारच बोलका आहे. बारा कायापालटांची मर्यादा रॉबर्ट होम्स यांनी लिहिलेल्या ‘द डेडली असॅसिन’ या १९७६ च्या कथेत प्रथम आली. त्या कथेने तोवर देवसदृश वाटणाऱ्या टाइम लॉर्डांना म्हातारे, कुरकुरे, सत्तेच्या कुरघोडीत गुंतलेले राजकारणी म्हणून रंगवले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या चाहत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षाने तिच्यावर कडाडून टीका केली. आक्षेप हाच, की पूर्वी दाखवलेल्याशी हे विसंगत आहे आणि मालिकेची जादू यात हरवली. पुढच्या दोन दशकांत तीच कथा श्रेष्ठ कथांत गणली जाऊ लागली आणि तिच्यातील एक ओझरते वाक्य अनुल्लंघनीय कायदा होऊन बसले. २०१३ च्या नाताळात या कायद्यातून नायकाला वाचवण्यासाठी स्टीव्हन मोफॅट यांना एक संपूर्ण भाग खर्ची घालावा लागला. १९७६ च्या पाखंडाचे २०२० पर्यंत शास्त्र झाले होते.

त्याच १९७६ च्या जानेवारीत ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ या कथेच्या अखेरच्या भागात, दोन मनांच्या द्वंद्वयुद्धात, पडद्यावर हार्टनेलच्याही मागे आठ अनोळखी चेहरे उमटतात. ते डॉक्टरचेच पूर्वीचे चेहरे आहेत, असाच निर्मात्यांचा हेतू होता. ते चेहरे चाहत्यांना चाळीसहून अधिक वर्षे अडचणीचे वाटले. ते प्रतिस्पर्ध्याचे असावेत, असा अर्थ लावून बहुतेकांनी ती अडचण मिटवली. मीमांसेचा अभ्यास केलेल्या कोणालाही ही रीत परिचित वाटेल. परस्परविरोधी वचनांची एकवाक्यता साधायची, न जुळणाऱ्या वचनाला अर्थवाद ठरवून बाजूला सारायचे, आणि एवढ्यावर निभले नाही तर ते प्रक्षिप्त म्हणायचे. निबंधकारांची ही बुद्धी तुच्छ नाही. तिच्यामागे शतकांची तर्कशिस्त आहे. परंतु ती विधिवाक्यांसाठी घडलेली शिस्त आहे. काय करावे हे सांगणाऱ्या संहितेत विरोध राहून चालत नाही. कथेत विरोध राहिला तर काय बिघडते, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. २०२० च्या भागाने ते आठ चेहरे पुन्हा पडद्यावर आणले तेव्हा चिबनल यांनी परंपरा मोडली असे म्हणण्यापेक्षा, एकवाक्यतेसाठी दडपलेले एक वचन बाहेर काढले असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

चाहत्यांच्या जगातील ‘कॅनन’ हा शब्दही विनोदातून आलेला आहे. बायबलच्या चिकित्सक संशोधनाची नक्कल करून रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर निबंध वाचला. धर्मग्रंथासाठी वापरायची अवजारे गुप्तहेरकथांवर चालवण्यातली गंमत श्रोत्यांना कळत होती. शंभर वर्षांनंतर गंमत उडून गेली आणि अवजारे तेवढी उरली. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ची प्रमाणसंहिता कधीही जाहीर केलेली नाही. साठच्या दशकातील अनेक भागांच्या फिती संस्थेनेच पुसून टाकल्या. म्हणजे ज्या संहितेच्या शुद्धतेसाठी हा संग्राम चालतो तिची पानेही पूर्ण हाती नाहीत.

आता चाहत्यांच्या बाजूने जे खरोखर म्हणण्याजोगे आहे ते म्हटले पाहिजे. त्यांच्यातील काहींचा आक्षेप वेगळा आणि वजनदार होता. डॉक्टर हा आजवर एक सामान्य पळपुटा होता. त्याचे मोठेपण त्याच्या जन्मात नसून त्याच्या निवडीत होते. त्याला सृष्टीतील एकमेवाद्वितीय मूल ठरवले की तो ‘निवडलेल्यां’च्या लांबलचक रांगेत जाऊन बसतो. हा मालिकेच्या अर्थाविषयीचा आक्षेप आहे आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. परंतु तोही लवकरच ‘प्रथम डॉक्टर कोण’ या क्रमांकाच्या वादात बुडाला. अर्थाचा प्रश्न हाती असताना अधिकृततेचा प्रश्न लढवला गेला.

आणि कथनाचा प्रश्न तर जवळजवळ कोणी विचारलाच नाही. या भागाचे खरे वैगुण्य असे की त्यातील गौप्यस्फोट घडत नाही, सांगितला जातो. मास्टर डॉक्टरला एका स्मृतिकोशात कोंडतो आणि निवेदकाप्रमाणे तिला तिचा भूतकाळ ऐकवतो. जोडी व्हिटेकर यांच्यासारखी चपळ अभिनेत्री बराच वेळ केवळ श्रोता होऊन राहते. साशा धवन यांच्या बोलण्यात द्वेष, असूया आणि एक विचित्र दुःख आहे. पण व्याख्यान ते व्याख्यानच. याच्या अगदी उलट जाणारी गोष्ट आदल्या आठवड्याच्या, २३ फेब्रुवारीच्या भागात होती आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. मुख्य कथेच्या मध्येमध्ये, कोणताही खुलासा न करता, आयर्लंडमधील एका खेड्याची दृश्ये येत राहतात. रस्त्यावर एक तान्हे सापडते. एक जोडपे त्याला ब्रेंडन म्हणून वाढवते. तो पोलीस होतो, कड्यावर गोळी लागून खाली कोसळतो आणि ओरखडाही न उमटता उठतो. वर्षे जातात, तो म्हातारा होऊन निवृत्त होतो. त्याच्या निरोपाच्या दिवशी वडील आणि जुना वरिष्ठ त्याला भेटतात. दोघेही एका दिवसानेही म्हातारे झालेले नाहीत. ते त्याला मागच्या खोलीत नेतात, खुर्चीला बांधतात आणि त्याची स्मृती पुसतात.

या दृश्यात मायेने वाढवणारे हातच मुलाचे आयुष्य काढून घेतात. ते सारे इतक्या शांतपणे, आदबीने घडते की प्रेक्षकाला कोणावर रागवावे हे कळत नाही. साम्राज्ये कशी उभी राहतात हे सांगणारी याहून थोडक्यातली प्रतिमा या मालिकेत शोधूनच काढावी लागेल. पुढच्या आठवड्यात मात्र ही सारी दृश्ये म्हणजे स्मृतिकोशातील खऱ्या नोंदींवर चढवलेले सोंग होते, असे मास्टरच्या तोंडून कळते, आणि प्रतिमेचे माहितीत रूपांतर होते. लेखकाजवळ दाखवण्याची ताकद होती आणि त्याने सांगण्याचा मार्ग धरला. या भागावरचा सर्वांत कठोर आरोप हा असायला हवा होता. ज्यांनी मालिकेचे भाग शेकडो वेळा पाहिले आहेत, ज्यांना त्यातील प्रत्येक वाक्य पाठ आहे, त्यांच्याकडूनच हा आरोप यायचा. तो आला तेव्हा जोडआरोप म्हणून आला.

भागाचे समर्थक याहून वेगळे वागले असेही नाही. मालिकेत विसंगती पूर्वीपासूनच आहेत, मग ही एक आणखी का नको, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. यात कसोटी तीच राहते, निकाल तेवढा उलटतो. ‘जुळत नाही म्हणून वाईट’ आणि ‘जुळले नाही तरी चालते म्हणून चांगले’ ही एकाच नाण्याने केलेली देवघेव आहे. सर्जनस्वातंत्र्याचा बीबीसीचा खुलासाही त्यातलाच: लेखकाला अधिकार आहे हे सिद्ध झाले म्हणजे लेखन सिद्ध होत नाही.

मग अभ्यासकांनी काय करावे? जॉन टलॉक यांनी १९९५ मध्ये ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांना सत्ताहीन अभिजन म्हटले होते: ज्ञान अफाट, पण निर्मितीवर ताबा शून्य. हे निरीक्षण तेव्हा अचूक होते. २००५ नंतर ते पार उलटले. रसेल टी. डेव्हिस, मोफॅट, चिबनल हे तिघेही मुळात चाहते. १९८६ मध्ये सोळा वर्षांचे चिबनल बीबीसीच्याच एका कार्यक्रमात चाहत्यांच्या वतीने बसले होते आणि त्या वर्षीच्या कथांवर लेखकांच्या समोरच टीका करत होते. आज रान चाहत्यांच्याच मालकीचे झाले असताना चोरट्या शिकाऱ्याचे रूपक चालू ठेवणे हा सैद्धांतिक आळस आहे. त्याहून गंभीर बाब अशी, की समुदाय अर्थ ठरवतो हे एकदा मान्य केले की समुदायाने चुकीचे वाचले असे म्हणण्याची सोयच उरत नाही. अभ्यासक प्रतिक्रिया गोळा करतो, त्यांची वर्गवारी करतो, आणि मूल्यमापनाच्या वेळी विनयाने बाजूला होतो. मराठी विभागांतही ‘वाचकाचा प्रतिसाद’ या शीर्षकाखाली होणारे बरेचसे संशोधन याच विनयावर उभे आहे. हा विनय म्हणजे लोकशाही नव्हे. न वाचण्याची ती एक प्रतिष्ठित पद्धत आहे. याउस यांच्यापासून निघालेला सिद्धांत क्षितिज ओलांडण्याला मोल देत होता. त्याचे वारस क्षितिजाच्या राखणदारीचे कौतुक करू लागले आहेत.

जुन्या कथेला नवे मूळ देण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये विदुर हाच युधिष्ठिराचा जनक असावा असा तर्क मांडला. त्याला कोणत्या परंपरेची मान्यता आहे हे पाहून त्याचे मोल ठरत नाही. तो मान्य केल्यावर विदुराचे युधिष्ठिराविषयीचे ममत्व आणि वनातील त्याचा अंत हे प्रसंग पूर्वीपेक्षा वेगळे, अधिक दाट वाचता येतात की नाही, यावर ते ठरते. हीच कसोटी २०२० च्या भागाला लावली असती तर काही खरे प्रश्न पुढे आले असते. १९६९ मध्ये टाइम लॉर्ड डॉक्टरवर खटला चालवतात, त्याचा चेहरा बदलायला भाग पाडतात आणि त्याला पृथ्वीवर हद्दपार करतात. ज्या देहातून त्यांची शक्ती आली त्याच देहाला ते शिक्षा देत आहेत असे धरून तो प्रसंग पुन्हा पाहिला तर तो गडद होतो. उलट, १९६३ चा हार्टनेल, चिडखोर, घाबरलेला, स्वार्थी आणि हळूहळू माणूस होत जाणारा, या नव्या मुळाने फिका पडतो. कारण त्याचे ते शिकणे आता पहिले राहत नाही. एका ठिकाणी लाभ, दुसऱ्या ठिकाणी हानी. असा हिशोब मांडायला जुने भाग पुन्हा पाहावे लागतात, नियमांची यादी पुरत नाही.

चिबनल यांनी स्वतःही तो मांडला नाही. २०२१ च्या ‘फ्लक्स’ या सहा भागांच्या कथेत टेक्टिऊन प्रत्यक्ष समोर येते. पाळणारी आणि पाळलेली यांची ती भेट, ज्या भेटीसाठी हे सारे रचले असे वाटावे. ती सुरू होते न होते तोच तिसऱ्याच एका खलपात्राच्या हातून टेक्टिऊन मरते. पुसलेल्या स्मृती साठवलेले खिशातले घड्याळ डॉक्टरच्या हाती लागते आणि शेवटच्या भागात ती ते न उघडता आपल्या यानाच्या स्वाधीन करते, तिच्या हाताला सहजी लागणार नाही असे खोल कोठेतरी ठेवायला सांगून. चाहत्यांचा वाद त्यानंतरही घड्याळात कोणते डॉक्टर, किती डॉक्टर, यावर चालू राहिला. खुर्चीला बांधलेला ब्रेंडन २३ फेब्रुवारीच्या भागातच राहून गेला.