गाडीचं नाक

बालमित्रांनो, हे पान वाचायच्या आधी एक काम करा. घड्याळासमोर बसा आणि एका मिनिटात तुमचा श्वास किती वेळा आतबाहेर होतो ते मोजा. मग आईबाबांचा मोजा. तुमचे १८-२० भरतील, मोठ्यांचे १५ च्या आसपास. मोठा माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. आता करा गुणाकार : मिनिटाला साडेसात लिटर, तासाला ४५० आणि २४ तासांत १०,८०० लिटर!

आता दुसरं गणित. १ लिटर पेट्रोलचं वजन असतं साधारण पाऊण किलो. ते पूर्ण जळायला सुमारे ११ किलो हवा लागते. हवेला वजन असतं बरं का! खोलीएवढ्या हवेचं वजन किती, हा प्रश्न सरांना किंवा बाईंना नक्की विचारा. तर ११ किलो हवा म्हणजे झाली ९,००० लिटरहून जास्त. २०० लिटरची पाण्याची ४५ पिंपं आठवा! म्हणजे माणसाला जवळजवळ दिवसभर पुरेल एवढी हवा आपली मोटार १ लिटर पेट्रोलमागे ओढून घेते. ते पेट्रोल १५-२० किलोमीटरमध्ये संपूनही जातं.

एवढी हवा येते कुठून? रस्त्यावरूनच. आणि आपल्या रस्त्यांवर काय असतं ते मी सांगायला हवं का? कोकणात तांबडी माती, देशावर काळी माती, उसाच्या हंगामात तर ट्रॅक्टरमागे धुळीचे लोटच्या लोट. आपल्या नाकात केस असतात, ते धूळ अडवतात. गाडीच्या नाकात असतो एअर फिल्टर. आज आपण तोच बदलायला शिकणार आहोत.

आमच्या चौथीच्या वर्गात मी एकदा जुना, टाकून दिलेला फिल्टर नेला होता. चौकोनी चौकट आणि तिच्यात घड्याघड्यांचा कागद. एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, ह्या तर साडीच्या निऱ्या!" अगदी बरोबर ओळखलंन तिने. नऊवारी साडी केवढी लांब, पण निऱ्या घातल्या की कशी वीतभर जागेत बसते! फिल्टरचंही तसंच. समजा, चौकट २० सेंटिमीटर लांब आहे, तिच्यात ४० घड्या आहेत आणि प्रत्येक घडी ४ सेंटिमीटर खोल आहे. घडीला बाजू दोन. म्हणून ४० × २ × ४ = ३२० सेंटिमीटर. २० सेंटिमीटरच्या जागेत सव्वातीन मीटर कागद बसला! कागद जास्त, म्हणून हवेला वाट जास्त आणि धूळ धरायला जागाही जास्त.

आता कामाला लागू या. पण हे काम एकट्याने करायचं नाही. घरातलं एक मोठं माणूस बरोबर हवंच.

साहित्य : नवा फिल्टर, एक स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी, एक ओलसर आणि एक कोरडं फडकं, स्क्रू ठेवायला वाटी.

नवा फिल्टर आणताना दुकानदाराला गाडीचं नाव, साल आणि पेट्रोल की डिझेल हे सांगा. 'इंजिनाचा फिल्टर' असं स्पष्ट म्हणा. नाहीतर तो एसीचा फिल्टर देईल! तो वेगळा. तो आत बसणाऱ्या माणसांसाठी असतो.

गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद करून चावी बाबांच्या किंवा आईच्या खिशात जाऊ द्या. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही अचानक फिरायला लागतो. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मोकळे केस सगळं आवरून घ्या. बॉनेट उघडलं की त्याची दांडी खाचेत नीट बसली ना, ते मोठ्यांनी हलवून पाहावं. आणि नारिंगी रंगाची जाड वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही. हायब्रिड गाडीत तिच्यातून फार जोराची वीज जाते.

आता शोधा पाहू एक काळा प्लॅस्टिकचा डबा. त्यातून जाड नळी इंजिनाकडे गेलेली असते. तेच आपल्या गाडीचं नाक. झाकण क्लिपांनी किंवा स्क्रूंनी बसवलेलं असतं. किती आहेत ते आधी मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. स्क्रू काढला की वाटीत. काही गाड्यांत नळीवर एक वायर जोडलेली असते. ती ओढू नका, झाकण हलकेच वर उचला.

फिल्टर बाहेर काढण्याआधी त्याची वरची बाजू कोणती ते बघून ठेवा. मग धूळ सांडू न देता सरळ वर उचला. डब्याच्या तळाशी काय सापडतं ते पाहण्यासारखं असतं! वाळकी पानं, मेलेले किडे, कधी उंदराने आणून ठेवलेल्या चिंध्यासुद्धा. हे सगळं हाताने काढा आणि तळ ओल्या फडक्याने पुसा. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत मात्र कचऱ्याचा कणही पडता कामा नये. पुसून झालं की फडकं बाहेर आलं ना, ते पाहा!

जुना फिल्टर उन्हात धरा किंवा मागून बॅटरी लावा. घड्यांतून उजेड दिसतोय? मग तो अजून चालेल. नुसता मळका दिसला म्हणून फेकायची घाई नको. कागदावर बसलेली थोडी धूळ पुढच्या धुळीला अडवायला मदतच करते. उजेड दिसेनासा झाला असेल, कागद फाटला किंवा भिजला असेल, कडेचं रबर तुटलं असेल, तर मात्र बदलायचाच. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ३० ते ४० हजार किलोमीटरला बदला असं लिहिलेलं असतं आणि धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच. तुमच्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते वाचा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. हवेच्या जोरदार झोताखालीही धरायचा नाही, कागदाला बारीक भोकं पडतात.

नवा फिल्टर ठेवा, झाकण लावा. झालं काम? नाही! खरं काम आता आहे.

तुंबलेल्या फिल्टरने नेमकं काय होतं? जुन्या कार्बुरेटरच्या गाड्या पेट्रोल जास्त प्यायच्या. आजच्या गाड्यांत छोटा संगणक आत येणारी हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली अशा गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. ॲव्हरेज फारसं घटलं नाही, पिकअप मात्र कमी झाला. म्हणजे तुंबलेल्या फिल्टरने गाडी दमते. पण फिल्टर वाकडा बसला, कडेला फट राहिली, तर गाडी झिजते. हवा नेहमी सोपी वाट धरते. ती कागदातून न जाता फटीतून जाते आणि बरोबर धूळ नेते. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू लोखंडाहून कठीण. आपण वाळूने कढई घासतो ना? तशी इंजिनाची आतली गुळगुळीत भिंत मिनिटाला हजारो वेळा घासली जाते. फिल्टर मिळतो काहीशे रुपयांना. इंजिन उघडायचं म्हणजे हजारोंचं काम.

म्हणून झाकणाच्या कडेवरून चारी बाजूंनी बोट फिरवा. कुठे रबर दुमडलंय? कुठे झाकण उचललंय? तुमची बोटं बारीक असतात, ती मोठ्यांच्या बोटांपेक्षा नीट पोहोचतात. आईबाबा, ही तपासणी मुलांनाच करू द्या. मघाशी लिहून ठेवलेला क्लिपांचा आकडा जुळला, वाटी रिकामी झाली, की मगच बॉनेट बंद.

आणि आठवी-नववीतल्या दादालोकांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. मोटारसायकलचा फिल्टर काढून टाकला की गाडी 'मस्त पळते' असं कुणी सांगेल. आवाज वाढतो, म्हणून तसं वाटतं. पण ते नाक कापून श्वास घेण्यासारखं आहे. सांगणारा निघून जाईल, इंजिन तुमच्या घरचं जाईल.

घरी मोटार नाही? काही बिघडत नाही. शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरजवळ जा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये कागदाऐवजी तेलाचं भांडं असतं. हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात अडकते. बघून या. विजेवर चालणाऱ्या मोटारीत मात्र हे नाक सापडणार नाही. का बरं? तिथे पेट्रोल जळतच नाही, मग हवा कशाला लागेल?

आता या आठवड्याचा अभ्यास. वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि बारीक निऱ्या घालून ते कंपासपेटीत बसवा. किती घड्या झाल्या ते वहीत लिहा. आणि गाडीच्या डब्यावर, जिथे सहज दिसेल तिथे, चिठ्ठी चिकटवा : तारीख, किलोमीटर आणि काम करणाऱ्याचं नाव. म्हणजे तुमचं!

— तुमच्या बाई