खलनायकाला काळा रंग कोणी दिला?



गेल्या महिन्यात सातवीवर बदली तास होता. हाताशी काही तयारी नव्हती, म्हणून मुलांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, "एक व्हिलन काढा. कुठलाही. सिनेमातला, गोष्टीतला, मनातला." वर्ग एकदम खूश. चाळीस मिनिटं चिडीचूप.

कागद गोळा केले आणि माझं मन खट्टू झालं. जवळजवळ सगळ्यांनी एकच माणूस काढला होता. काळा, धिप्पाड, गालावर जखमेचा व्रण, लाल डोळे, राकट दाढी. एकदोघांनी एक डोळा फुटलेला दाखवला, एकाने लंगडा पाय. ही बुरोंडीची मुलं आहेत. खाली बंदर, वर परशुरामाचा पुतळा, मध्ये आमचं गाव. निम्म्या मुलांचे वडील होडीवर जातात, उन्हाने रापलेले काळेभोर. कित्येकांच्या घरात दाढीवाले आजोबा आहेत. जाळं ओढताना बोट गेलेला, पाय अधू झालेला माणूसही गावात नवा नाही. म्हणजे मुलांनी वाईट माणूस म्हणून जे काढलं, ते तुकडे जोडले तर त्यांच्याच घरचं माणूस तयार होत होतं. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं माझ्याही आलं नव्हतं.

माझी एक चूक आधी सांगून टाकते. खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावच्या शाळेत असताना, गॅदरिंगला रामायणातला प्रवेश बसवला होता. रावण कोण? मी वर्गावर नजर फिरवली आणि सगळ्यात उंच, सगळ्यात काळा मुलगा उभा केला. विचार असा केलाच नाही, बोट आपोआप तिकडे गेलं. वर त्याला काजळ फासलं. नाटक छान झालं, टाळ्या पडल्या. पण वर्षभर पोरं त्याला "ए रावण्या" म्हणून हाक मारत राहिली. पुढच्या वर्षी त्याची आई शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, माझ्या पोराला परत राक्षस नका करू." तक्रार नव्हती, विनवणी होती. मी "बरं" म्हटलं. तिच्या नजरेला नजर मात्र देता आली नाही.

म्हणून हा विषय मला "काय ते मुलांचं कार्टून" असा सोडून देता येत नाही.

आता मूळ मुद्दा. चित्रकथेतला, पुराणातला खलनायक सिनेमात येताना बदलतो. बदलावाच लागतो. "मूळ आहे तसंच ठेवा" असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, कारण 'मूळ' म्हणून आपण जे धरून बसतो तेही कुणीतरी बदललेलंच असतं. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि ली फॉकचा फँटम आपल्याकडे 'वेताळ' झाला. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, भाड्याने आणून वाचली असतील. मूळ इंग्रजीत वेताळाचे वैरी असलेले समुद्री चाचे होते 'सिंग'. भारतात ते चाललं नसतं, म्हणून ते 'सिंगा' झाले. वेताळाच्या वडिलांना पाठीत सुरा खुपसून मारणाऱ्याचं नाव मुळात 'रामा' होतं. आपल्याकडे ते 'रामालू' केलं गेलं. पुढे १९९६ च्या हॉलिवूडच्या सिनेमात ते चाचे 'सेंघ' झाले. बघा, आपलं नाव परक्याच्या खलनायकाला लागलं की आपल्याला बरोब्बर टोचतं, आणि आपण ते बदलूनही घेतो. पण दुसऱ्या कुणाचा चेहरा आपल्या खलनायकाला लागला तर?

चित्रकथेची एक अडचण मला मान्य आहे. छोटी चौकट, स्वस्त कागद, मोजके रंग. वाचणारं पोर आठ वर्षांचं. त्याला एका नजरेत कळायला हवं की हा चांगला आणि हा वाईट. मग चित्रकार खुणा वापरतो. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेत राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या तयारीच्या मराठी चित्रकारांनी काम केलं. त्यांचे देव, राजे, घोडे अजून डोळ्यांसमोर येतात. पण त्या मालिकेवर एक आक्षेप फार वर्षं घेतला जातो आणि तो खोटा नाही. असुर बहुतेक वेळा काळे, बेढब, सुळेवाले, आणि नायक उजळ. ती त्या माध्यमाची लघुलिपी होती, असं आपण फार तर म्हणू.

सिनेमाचं तसं नाही. त्याच्याजवळ अडीच तास असतात. नटाचे डोळे असतात, आवाज असतो, बोलताना मध्येच थांबणं असतं. त्याला लघुलिपीची गरजच काय? तरी तो तीच वापरतो, नुसती नाही तर मोठी करून, कॉम्प्युटरवर रंगवून. याला मी आळस म्हणते.

आपल्याच मराठी दिग्दर्शकाची दोन उदाहरणं घेऊ. ओम राऊत यांचा 'तान्हाजी' जानेवारी २०२० मध्ये आला. आमच्या शाळेतल्या पोरांनी तो टीव्हीवर इतक्यांदा पाहिलाय की संवाद पाठ आहेत. त्यातला उदयभान आठवा. काळे कपडे, विक्षिप्त हसणं, मगर भाजून खाणं. इतिहासातला उदयभान हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत किल्लेदार. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्री तो गड राखताना लढून मेला. त्याच्या ताब्यातली राजपूत स्त्री हा धागा हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'तही आहे. म्हणजे या माणसाला खलनायक करण्याचं काम कादंबरीपासून चालू होतं, सिनेमाने त्यात मगर घातली. आता मला सांगा, समोरचा वेडा असला तर तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम मोठा होतो की समोरचा कसलेला लढवय्या असला तर? मी हा प्रश्न वर्गात विचारला. एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, वेड्याला हरवण्यात काय मजा?" इतिहासाच्या तासाला यापेक्षा चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही.

दुसरा 'आदिपुरुष'. २ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत त्याची झलक दाखवली आणि गदारोळ झाला. बारीक कापलेले केस, दाढी, डोळ्यांत काजळ, पुष्पक विमानाच्या जागी वटवाघळासारखं अक्राळविक्राळ जनावर. लोक म्हणाले, हा रावण नाही, हा तर 'पद्मावत'मधला खिलजी. जानेवारीत येणारा सिनेमा जून २०२३ वर गेला. लोकांचा राग मुख्यतः हा होता की आमच्या रावणाचं हे काय करून ठेवलं, तो शिवभक्त, पंडित. तो राग मला कळतो. पण एक गोष्ट त्या आरडाओरड्यात कुणी फारशी बोललं नाही, ती माझ्या वर्गातला एक मुलगा बोलला. मोबाइलवर कुणीतरी तो फोटो दाखवत होतं. हा पोरगा वाकून बघत म्हणाला, "बाई, हा रावण आमच्या चाच्यासारखा दिसतो." बाकीची हसली, तोही हसला. मग जरा वेळाने तो गप्प झाला. तुम्ही वर्गावर असता, तुम्हाला ती गप्प होण्याची जात ओळखता येते.

दाढी आणि सुरमा लावला की वाईट माणूस तयार, असं ज्याला वाटतं त्याने रावणाची नवी रचना केलेली नाही. त्याने फक्त जुनी लघुलिपी एका जातीवरून काढून दुसऱ्या जमातीवर डकवली.

असंच परदेशातही झालंय, आणि तिथे त्यांनी चूक दुरुस्त करायला पन्नासेक वर्षं घेतली. आयर्न मॅनचा वैरी मँडरिन १९६४ मध्ये चित्रकथेत आला तो 'कपटी चिनी' या गोऱ्यांच्या ठरीव साच्यातून. २०१३ च्या सिनेमात त्यांनी गंमत केली. हा मँडरिन म्हणजे भाड्याने आणलेला दारुडा नट निघतो (काम केलं होतं 'गांधी'वाल्या बेन किंग्जलीने!). चाहते चिडले. २०२१ च्या 'शांग-ची'मध्ये मात्र टोनी लेउंगने जो केला तो बायकोच्या मरणातून न सावरलेला नवरा आणि मुलावर हुकूम गाजवणारा बाप आहे. त्याचा चेहरा देखणा आहे. तरीही त्याची भीती वाटते, कारण असा बाप आपण पाहिलेला असतो.

इथे पालक मला अडवतात. "बाई, व्हिलनला असं चांगलंचुंगलं कारण दिलं तर पोरं त्याच्याच बाजूला जातील." ही काळजी फुकाची नाही. थॅनॉसचंच घ्या. चित्रकथेत तो मृत्यूदेवीला खूश करायला अर्धी सृष्टी संपवतो. २०१८ च्या सिनेमात त्याचं कारण बदललं: खाणारी तोंडं जास्त, साधनं कमी, म्हणून अर्धे नाहीसे करायचे. नववीतल्या एका मुलीने मला सरळ विचारलं, "पण बाई, त्याचं बरोबरच होतं ना?"

काय करायचं? "गप्प बस" म्हणायचं? आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. १९७४ च्या सुमारास जगाची लोकसंख्या ४०० कोटी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ८०० कोटी झाली. म्हणजे अर्धी माणसं नाहीशी केली तरी पन्नासेक वर्षांत होती तेवढी. मग थॅनॉस दर पन्नास वर्षांनी येणार का? वर्ग हसला. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मासळी कमी झाली तर जून-जुलैत बंदी घालतात. कोळी मारत नाहीत." इतकं सोपं. पण हे तो बोलू शकला, कारण खलनायकाजवळ खोडून काढण्याजोगं कारण होतं. नुसते सुळे असते तर काय खोडणार?

या बाबतीत आपल्याजवळ घरचा वारसा आहे आणि आपण तो विसरतो. निळू फुले 'सामना'मध्ये पांढऱ्या कपड्यांत, हळू आवाजात बोलतात आणि अंगावर काटा येतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे २०१७ मध्ये सिनेमात आला, तेव्हा त्याच्यासमोर उभा केला परीक्षेच्या घोटाळ्यातला अप्पा. गिरीश कुलकर्णींनी तो केला, कुठेही भेटेल अशा माणसासारखा. दहावी-बारावीच्या मुलांना त्या अप्पाची भीती कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त वाटली असणार, मला तर शिक्षक म्हणून वाटली.

आणि आपला संकासुर! वेद पळवणारा असुर, म्हणजे कागदावर पक्का खलनायक. पण शिमग्यात तो येतो तेव्हा? काळा पायघोळ, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहानगी किंचाळत आईच्या मागे लपतात आणि पुन्हा त्याच्याच मागे धावतात. तुम्ही म्हणाल, बाई, तोही काळाच की! हो. पण ते काळं कापड आहे. खेळ संपला की टोपी उतरते, आतून शेजारचा दादा घामाघूम बाहेर येतो आणि पाणी मागतो. वाईटपणा हे घातलेलं सोंग आहे, कातडी नाही, हे पोरांना दरवर्षी डोळ्यांनी दिसतं. कोकणाने असुराची ही केलेली रचना मला कुठल्याही स्टुडिओपेक्षा शहाणी वाटते.

तर त्या सातवीच्या वर्गाला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा कागद दिले. या वेळी अटी घातल्या. कातडीचा रंग वापरायचा नाही. व्यंग किंवा व्रण नाही. कुठल्याही धर्माची, जातीची खूण नाही. आणि चित्राखाली दोन ओळी लिहायच्या: याला काय हवंय, आणि ते त्याला दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळालं असतं? सुरुवातीला वर्ग वैतागला. "मग काढायचं काय?" तोच तर प्रश्न होता. तुम्ही करून बघा, एक तास पुरत नाही, दोन ठेवा. आणि पहिल्या तासाची चित्रं फाडू नका, दोन्ही शेजारी लावा.

काय काय आलं! गोड बोलून आजीच्या जमिनीवर अंगठा घेणारा एजंट, हातात पेढ्यांचा बॉक्स. मैत्रिणीचे फोटो ग्रुपवर टाकणारी ताई, दोन वेण्या घातलेली. एकाने नुसता आरसा काढला होता. त्याला मी काही विचारलं नाही.

आणि एका होडीवाल्याच्या मुलाने काढली रात्रीची दर्यातली बोट, एलईडीचे दिवे लावलेली. केंद्र सरकारने २०१७ मध्येच अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली आहे, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण झळ त्यांच्या घराला बसते. बोटीवर मालक उभा, पांढरा शर्ट, हसतोय. भोवती काळोख आणि हा लख्ख उजेडात. खाली लिहिलं होतं: "याला सगळी मासळी एका रात्रीत हवी आहे. कारण याच्यावर बँकेचं कर्ज आहे. आमच्यावर पण आहे."

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कामासाठी शाळेत आले होते. भिंतीवरची चित्रं बघत त्या कागदापाशी थांबले, बराच वेळ. मग मला म्हणाले, "बाई, ह्येला मी ओळखतो."