जोखमीचे पहारेकरी आणि त्यांचा अधिकार

कारखान्यात स्फोट झाला, रुग्णालयाला आग लागली किंवा एखादी बँक बुडाली की काही दिवस वृत्तपत्रांचे रकाने भरून वाहतात. चौकशी समिती नेमली जाते, मृतांच्या वारसांना साहाय्य जाहीर होते आणि मग सारे शांत होते. या धावपळीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ही हानी होऊ नये म्हणून पगार देऊन नेमलेला माणूस तेथे होता काय आणि असल्यास त्याचे कोणी ऐकत होते काय? हानिनियंत्रण आणि जोखीम-व्यवस्थापन ही आज नोकरीची एक स्वतंत्र वाट झाली आहे. कारखान्यांना सुरक्षा अधिकारी, विमा कंपन्यांना सर्वेक्षक आणि बँकांना जोखीम अधिकारी लागतात. विज्ञान, अभियांत्रिकी व वाणिज्य शाखांचे पदवीधर या वाटेकडे वळू लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु अशा जागा किती निघणार, यापेक्षा त्या जागेवर बसणाऱ्याला ‘काम थांबवा’ असे म्हणण्याचा अधिकार किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. समाजाच्या दृष्टीने या व्यवसायाचे सारे मोल त्या अधिकारात आहे.

हिशेबातून जन्मलेला व्यवसाय

हा व्यवसाय दयाबुद्धीतून जन्मलेला नाही. तो हिशेबातून जन्मला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील गिरणीमालक झकारिया ॲलन याने आपल्या गिरणीत आगप्रतिबंधक सुधारणा केल्या आणि विमा कंपनीकडे हप्ता कमी करण्याची मागणी केली. कंपनीने नकार दिला. तिच्या लेखी सावध मालक आणि बेफिकीर मालक यांत फरक नव्हता. तेव्हा ॲलनने १८३५ मध्ये समविचारी गिरणीमालकांना एकत्र करून परस्पर विम्याची संस्था काढली. काळजी घेणाऱ्यांनाच सभासद करावे, गिरण्यांची तपासणी करावी आणि वाचलेल्या हानीचा लाभ सभासदांनाच द्यावा, असे तिचे सूत्र होते. हानिनियंत्रणाच्या व्यवसायाचा पाया या सूत्रावर उभा आहे. धोका टाळणाऱ्याला त्याचा आर्थिक लाभ मिळाला तरच तपासनिसाच्या शब्दाला वजन येते.

पुढे १९३१ मध्ये विमा क्षेत्रातच काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी औद्योगिक अपघातांवरील ग्रंथात एक प्रमाण मांडले. एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ इजांचे आणि ३०० इजाविरहित अपघात असतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ मध्ये फ्रँक बर्ड यांनी २९७ कंपन्यांनी नोंदविलेल्या साडेसतरा लाख अपघातांचा अभ्यास करून नवे प्रमाण दिले. एका गंभीर इजेमागे १० किरकोळ इजा, ३० मालमत्तेच्या हानीचे प्रसंग आणि ६०० थोडक्यात टळलेले प्रसंग, असे ते होते. ही प्रमाणे जशीच्या तशी सर्व उद्योगांना लागू पडत नाहीत, अशी टीका पुढे झाली व ती रास्त आहे. मात्र त्यांतून निघालेला बोध टिकून राहिला. मोठी दुर्घटना बहुधा सूचना देऊन येते आणि त्या सूचना नोंदवून त्यांवर कृती करून घेणे हे हानिनियंत्रकाचे काम होय.

सूचना होत्या, ऐकणारे नव्हते

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली आणि दुपारी चारनंतर प्रचंड स्फोट झाले. त्या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण युद्धाच्या घाईत जागा मिळेल तेथे माल भरला गेला. गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली, आग विझविण्यासाठी धावलेले जवानही गेले. तो दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

चाळीस वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, भोपाळ घडले. युनियन कार्बाइडच्या कारखान्याची कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी मे १९८२ मध्ये पाहणी केली होती आणि गंभीर उणिवा नोंदविल्या होत्या. तेथील पत्रकार राजकुमार केसवानी त्याच वर्षापासून धोक्याचे इशारे छापत होते. तरीही अपघाताच्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही बंद होता. कारखाना तोट्यात होता आणि खर्चाला कात्री लावली जात होती. म्हणजे धोक्याचे ज्ञान होते, अहवालही होता, पण तो अहवाल लिहिणाऱ्यांच्या हाती कारखाना थांबविण्याची सत्ता नव्हती.

पदाचा दर्जा कागदावर

आपल्या देशात सुरक्षा अधिकाऱ्याचे पद कायद्याने निर्माण केले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ मध्ये दुरुस्ती झाली आणि एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, तसेच शासनाला धोकादायक वाटेल अशा कारखान्यात, हे पद भरणे बंधनकारक ठरले. १९८२ मध्ये महाराष्ट्राने या अधिकाऱ्यांच्या कर्तव्यांविषयी आणि सेवाशर्तींविषयी नियम केले. या अधिकाऱ्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा असावा, त्याने थेट कारखान्याच्या मुख्याधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावे आणि त्याच्यावर सुरक्षेशी विसंगत अशी दुसरी कामे लादू नयेत, असा त्यामागचा हेतू होता. बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला येणे हीसुद्धा पात्रतेची अट होती, हे विशेष. इंग्रजी फलकावरील सूचना कंत्राटी मजुराला वाचवीत नाही, हे नियम करणाऱ्यांना कळत होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. आता ५०० कामगारांच्या कारखान्यात, धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या २५० कामगारांच्या कारखान्यात, २५० कामगारांच्या बांधकामावर आणि १०० कामगारांच्या खाणीत सुरक्षा अधिकारी नेमावा लागेल. जागा वाढतील, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या नावाने महाराष्ट्राचा थरकाप झाला, ती ठिकाणे या संख्येच्या चौकटीत कितपत बसतात? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यातील उरवडे येथे आगीत पंधराहून अधिक कामगार गेले. त्यांत बहुतेक महिला होत्या. औद्योगिक वसाहतींतील मध्यम आणि छोट्या रासायनिक कारखान्यांत शे-दोनशे किंवा त्याहूनही कमी माणसे काम करतात. धोका रसायनाच्या स्वभावात असतो, हजेरीपटाच्या लांबीत नसतो.

ज्या मोठ्या कारखान्यांत हे पद आहे, तेथेही त्याची अवस्था नेहमीच स्पृहणीय नसते. सुरक्षा सप्ताहाचे फलक लावणे, हेल्मेटांचा हिशेब ठेवणे आणि तपासणीच्या दिवशी नोंदवह्या सादर करणे, एवढ्यावर अनेक ठिकाणी हे काम येऊन थांबते. ज्याच्या उत्पादनाला अटकाव करायचा, त्याच्याकडूनच बढती मिळवायची, अशा जागी बसलेल्या माणसाकडून निर्भयतेची अपेक्षा करणे सोपे आहे; ती निर्भयता टिकवील अशी व्यवस्था उभारणे अवघड आहे.

पैशाच्या पहारेकऱ्याला अभय

ही व्यवस्था अशक्य आहे असे मात्र नाही. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ती करून दाखविली आहे. एप्रिल २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेच्या मुख्य जोखीम अधिकाऱ्याची नेमणूक संचालक मंडळाच्या संमतीने ठराविक मुदतीसाठी करावयाची असते. मुदतीपूर्वी त्याला हलवायचे तर पुन्हा मंडळाची संमती लागते. त्याच्यावर व्यवसायवाढीचे लक्ष्य लादता येत नाही आणि त्याला दुसरे पद जोडून देता येत नाही. ‘सेबी’नेही बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना जोखीम-व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. नियमाने माणूस प्रामाणिक होतो असे नाही. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एकाच बांधकाम समूहाकडे बहुतांश कर्ज गुंतले असल्याचे आणि हजारो बनावट खात्यांआड ते लपविले असल्याचे उघडकीस आले. त्याची झळ शिक्षक, कारकून आणि निवृत्तिवेतनधारक यांना सोसावी लागली. तरीदेखील नकार देणाऱ्याला संरक्षण दिले पाहिजे, हे तत्त्व वित्तक्षेत्रात मान्य झाले आहे. पैशाच्या पहारेकऱ्याला जे अभय मिळते, ते कामगाराच्या प्राणाच्या पहारेकऱ्याला का मिळू नये?

जोखमीला किंमत हवी

येथे ॲलनच्या गिरणीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. अधिकार नियमाने देता येतो; पण तो चालतो तो पैशाच्या बळावर. भारतात १ जानेवारी २००७ पूर्वी आगीच्या विम्याचे दर दरनिश्चिती समिती ठरवीत असे, आणि आपोआप पाणी फवारणारी किंवा तत्सम अग्निशमन यंत्रणा बसविणाऱ्या कारखान्याला तपासणीनंतर सवलत मिळे. ती पद्धत निर्दोष नव्हती. त्या दिवसापासून दर मुक्त झाले आणि हप्ते उतरले. परंतु ही उतरंड काळजी घेणाऱ्यापुरती मर्यादित राहिली नाही. ग्राहक मिळविण्याच्या चढाओढीत सवलती वाटल्या गेल्या आणि तपासनिसाच्या अहवालाचे वजन त्या प्रमाणात घटले.

कामगार राज्य विम्याची गोष्ट याहून बोलकी आहे. जुलै २०१९ मध्ये मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्का ठरली. बिस्किटे करणारा कारखाना असो की विद्रावके उकळणारा, अपघात शून्य असोत की वर्षाला दहा, दर एकच. जर्मनीने १८८४ च्या अपघात विमा कायद्यापासूनच मालकांच्या वर्गणीला धोक्याच्या श्रेणीशी जोडले. आपल्याकडे ठेव विम्याचा हप्ता १९६२ पासून सर्व बँकांना सारख्याच दराने लागू होता. तो यापुढे बँकेच्या जोखमीनुसार आकारण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. जे ठेवीच्या बाबतीत पटले, ते हातापायांच्या आणि फुप्फुसांच्या बाबतीत पटायला हरकत नसावी.

तपासणी कोणाच्या पैशाने होते, हाही प्रश्न आहेच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेमार्फत द्यावे लागते. पण ही संस्था निवडतो मालक आणि तिचे बिल चुकवतो तोही मालकच. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत दगावली, तेव्हा या कायद्याला दीड दशक होत आले होते. नुसता कायदा आग विझवीत नाही.

काय करता येईल

छोट्या कारखानदाराला स्वतंत्र सुरक्षा अधिकारी परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय सामाईक पदाचा आहे. औद्योगिक वसाहतीतील वीस-पंचवीस कारखान्यांनी वर्गणी काढावी, अधिकाऱ्याची नेमणूक आणि बडतर्फी मात्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या संमतीवाचून होऊ नये. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद सक्तीची करावी आणि प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्याला शिक्षा होऊ नये. विम्याची वर्गणी त्या नोंदीशी नव्हे, तर प्रत्यक्ष तपासणीशी आणि धोक्याच्या श्रेणीशी जोडावी. अन्यथा हप्ता वाचविण्यासाठी अपघातच दडविले जातील.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी सोयी महाराष्ट्रातच आहेत. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका देते, नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, विम्याच्या उच्च शिक्षणासाठी पुण्यात राष्ट्रीय विमा अकादमी आहे. काही आठवड्यांत प्रमाणपत्र हाती ठेवणाऱ्या वर्गांपेक्षा या संस्थांची वाट लांबची आहे, पण विश्वासाची आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही वाट दाखवावी. मात्र तिचे स्वरूपही सांगावे. या व्यवसायातील यश दिसत नाही. जो स्फोट झाला नाही, त्याची बातमी येत नाही आणि जो कामगार संध्याकाळी घरी परतला, तो कोणाचे आभार मानत नाही. ज्याला टाळ्यांची गरज आहे, त्याने दुसरीकडे जावे.

उरलेली जबाबदारी शासनाची आणि विमा कंपन्यांची आहे. नव्या संहितेमुळे सुरक्षा अधिकाऱ्यांच्या जागा वाढणार आहेत. त्यांचे नियम करताना आणि ते राबविताना नेमणुकीची मुदत, बडतर्फीवरील अटकाव आणि काम थांबविण्याचा अधिकार या तीन गोष्टींची स्पष्ट तरतूद असली पाहिजे. ती झाली नाही, तर पुढच्या दुर्घटनेनंतरही चौकशी समितीला कपाटात अहवाल सापडेल, त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असेल आणि त्या सहीचा कोणालाही उपयोग झालेला नसेल.